मिसळतो त्याचा भाव



मनमाडच्या बैठकीच्या अंकात वाइनवर अग्रलेख कशाला, असे कोणीही विचारील. आपण कापूस-ज्वारीवाले, तेही कोरडवाहू. पण मनमाडहून नाशिककडे गाडीत बसले की लासलगाव, उगाव, निफाड येते आणि द्राक्षाचा मुलूख सुरू होतो. तिथे जे घडले ते आपण पाहून ठेवावे असे आम्हाला वाटते.

लाल वाइनच्या बाटलीवर पुष्कळदा दोन वाणांची नावे असतात, शिराझ आणि कॅबरने. शिराझचा रंग गडद, चवीला मिऱ्याची झाक. कॅबरनेचा मणी बारीक, साल जाड, तुरटपणा जास्त. दोन्ही सालीसकट आंबवतात, म्हणून रंग लाल. बहुधा वेगवेगळे आंबवतात आणि मग चव घेत घेत प्रमाण ठरवतात. फ्रान्सच्या बोर्दो भागात ही रीत जुनी आहे. तिथे मेर्लो लवकर पिकते, कॅबरने उशिरा. एकाला थंडी-पावसाने मारले तर दुसरे हाती लागते. आपण कपाशीत तुरीची ओळ घेतो ती याच हिशेबाने.

फरक एवढाच की आपली मिसळ शेतात होते, तिला भाव नाही. वाइनची मिसळ कारखान्यात होते, आणि सगळा भाव तिथे. सूतगिरणीवालाही वेगवेगळ्या धाग्याच्या गाठी मिसळूनच सूत काढतो. शेतकऱ्याने दोन प्रतींचा कापूस एका गाडीत आणला की ती भेसळ!

२००० साली नाशिकजवळ सुलाची पहिली वाइन निघाली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले, अबकारी माफ केली, विंचूरला वाइन पार्क काढले. शेतकऱ्यांनी थॉम्पसन सोडून वाइनचे वाण लावले. हे वाण खायला गिऱ्हाईक घेत नाही. कारखाना हाच एक खरेदीदार. २००८-०९ च्या मंदीत वाइनचा खप पडला, द्राक्षे पडून राहिली आणि उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवावी लागली. करार कागदावर राहिले. २००७ च्या धान्यापासून मद्यार्काच्या धोरणातही नाव ज्वारीचे होते, अनुदान कारखान्याला.

२०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा शेतकऱ्याच्या नावाने गळे काढणारे पुष्कळ निघाले. विरोध झाला, निर्णय अडकला. वाइन म्हणजे दारू नव्हे, हा त्या वेळचा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. बारा-तेरा टक्के मद्यार्क असलेली चीज दारूच आहे. गावोगाव बाटली आडवी करणाऱ्या आमच्या बहिणींना आम्ही तोंड कसे दाखवणार? पण प्यावी की न प्यावी हा एक प्रश्न, आणि बाटलीतला किती पैसा वेलीपर्यंत पोचतो हा दुसरा.

जाणकार म्हणतात, तुरट लाल वाइन चरबीच्या मटणाशी जमते. ठेच्याशी नाही, तिखटाची आग वाढते. भाकरीशी काय जमते हे आम्ही पाहिलेल्या एकाही बाटलीवर छापलेले नव्हते.

बैठकीपुढे ठराव दोन. खरेदीदार एकच असेल तिथे करार मोडल्यास भरपाईची रक्कम करारातच लिहिलेली असावी. आणि जिनिंग असो, ज्वारीची प्रक्रिया असो की वाइन, शेतकऱ्यांच्या गटाला परवाना कारखानदाराइतक्याच सहज मिळावा. दोन्हींवर बोलायला तयारीने या.