शिक्षिकेचा रविवार कोणाच्या मालकीचा?

परमुलखी राहणाऱ्या आपल्या मंडळींत एक जुनी खोड आहे. ती म्हणजे दुसऱ्याच्या सुटीचा हिशेब मागण्याची. तिचा ताजा प्रसाद आमच्या दिल्लीतील वसाहतीतल्या एका शिक्षिकाबाईंना मिळाला. त्यांचा अपराध असा : दिवाळीच्या सुटीपूर्वीच्या शनिवारी-रविवारी, यजमान व मुले पुण्यास पुढे गेली असता, बाई घरी एकट्या राहिल्या, मंडळाच्या फराळाच्या तयारीस आल्या नाहीत, आणि दार लावून घेऊन त्यांनी दोन दिवसांत चार चित्रपट पाहिले. एवढ्यावरून "शिक्षिकेला हे शोभते काय?" असा प्रश्न चारचौघांत विचारला गेला. आमच्या मते उत्तर निःसंदिग्ध आहे : शोभते. प्रश्न मात्र विचारणाऱ्यांना शोभत नाही.

कारण विचारणारे कोण? आम्हीच, कचेरीतले लोक. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत १९८५ पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. तेव्हापासूनच्या आमच्या शनिवारांचे काय झाले, हे कोणी विचारले आहे काय? पत्त्यांचे डाव आणि दुपारची झोप यांनी त्यांचा मोठा वाटा गिळला, तरीही "कारकुनाला हे शोभते काय?" असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

"पण शिक्षकांना सुट्या केवढ्या!" हा आक्षेप हमखास येतो. आक्षेपकांनी रजेचे नियम चाळावेत. ते त्यांच्याच टेबलावर असतात. आम्हांला वर्षाला ३० दिवसांची अर्जित रजा मिळते, आणि ती साठविताही येते. शिक्षकांच्या अर्जित रजेला मात्र दीर्घ सुटीच्या नावाखाली कात्री लागते. म्हणजे ती सुटी ही खैरात नव्हे. तिची किंमत आधीच वळती झालेली असते. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकासाठी, पाठांच्या तयारीसह, आठवड्याचे किमान ४५ तास सांगितले आहेत. घरी तपासायला आणलेल्या वह्यांच्या गठ्ठ्याला घड्याळ नसते, ते निराळेच.

याच कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना शिक्षणेतर कामांस जुंपण्यास मनाई केली. परंतु दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका ही तीन दारे उघडी ठेवली. राष्ट्रकार्य म्हणून ती उघडी असावीत, हे आम्हांला मान्य आहे. पण त्यांतून शिक्षकांचे किती रविवार बाहेर गेले, याची नोंद कोण ठेवतो? याच बाई मतदारयादीसाठी आपल्याच वसाहतीतील जिने चढून दारोदार हिंडल्या होत्या. ज्यांनी आपली दारे ठोठावली, त्यांनी दोन दिवस स्वतःचे दार लावून घेतले, तर आपले काय बिघडले?

आता चित्रपटांविषयी. चित्रपट म्हणजे आळस, ही समजूत मराठी माणसाने तरी बाळगू नये. पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत, १९५४ साली, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले ते 'श्यामची आई'ला. मूळ पुस्तक अमळनेरच्या शाळेत शिकविलेल्या साने गुरुजींचे, आणि चित्रपट आचार्य अत्र्यांचा. तेही पूर्वाश्रमीचे मास्तरच.

तथापि या थोर नावांच्या आडोशाने बाईंचा बचाव करणे आम्हांला मान्य नाही. त्यांनी पाहिलेले चारही चित्रपट अगदी फुटकळ असते, तरी आमचे मत बदलले नसते. जिला दिवसभर चाळीस-पन्नास मुलांपुढे बोलावे लागते, प्रत्येक वाक्यातली चूक ऐकून दुरुस्त करावी लागते, तिला कधीतरी असे बोलणे ऐकावेसे वाटते, की ज्याला उत्तर द्यावे लागत नाही आणि ज्याखाली तांबडी रेघ ओढावी लागत नाही. त्यातून शेजारीपाजारी, बाजारात, शाळेत सर्वत्र हिंदी बोलून दमलेल्या जिवाला ते बोलणे मराठीत ऐकू आले, तर त्याला विसावाच म्हटले पाहिजे. हा विसावा घरच्या माणसांच्या चहापाण्यातून सुटून मिळावा, यासाठी एकांत हवा. आणि गृहिणीला तो वर्षातून कितीदा मिळतो, हे आक्षेपकांनी आपापल्या घरी विचारून पाहावे.

मंडळे टिकली पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. परंतु निमंत्रण आणि हजेरीपट यांत अंतर आहे. कचेरीतला हजेरीपट मंडळाच्या सतरंजीवर आणून मांडला, तर फराळाला माणसे येतील, पण गोडी येणार नाही. यंदा न आलेल्यांची नावे मोजण्यापेक्षा, करंज्यांचे एक ताट बाईंच्या घरी निमूटपणे पोहोचते करावे. आणि चित्रपट चालू असल्यास दारातूनच परतावे.