सामाइक मशीनवर बसताना

किरनापुरातून जबलपूरला, नागपूरला, पुण्याला पुढचं शिकायला निघालेल्या मुलामुलींनो, हे तुमच्यासाठी आहे.

एक दिवस तुमचे सर सांगतील, "क्लस्टरवर तुझं खातं उघडलंय." घाबरू नका. क्लस्टर म्हणजे एकमेकांना जोडलेले पुष्कळ कॉम्प्युटर. पुण्याच्या सी-डॅकने 1991 साली परम 8000 बांधला तोही असाच, अनेक प्रोसेसर एकत्र जुंपून. पुण्याच्याच आयसरमध्ये 2019 साली परम ब्रह्म आला. तुमच्या कॉलेजातलं मशीन त्यापुढे अगदी लहान असेल. लहान आहे म्हणूनच जपा. तिथे एकाने हावरेपणा केला तर सगळे खोळंबतात.

लॉगिन केल्यावर तुम्ही पोचता ती राईस मिलची ओसरी समजा. ओसरीवर पोती ठेवायची, नंबर लावायचा. भरडाई आत होते. ओसरीतच मोठा प्रोग्राम चालवलात तर बाकीच्यांना साधी फाईल उघडायलाही वेळ लागतो. काम रांगेत टाका, आतले कॉम्प्युटर ते करतील.

रांगेत टाकताना किती कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), किती मेमरी, किती तास, ते सांगावं लागतं. आधी छोटा नमुना चालवून अंदाज घ्या. दोन तासांचं काम असेल तर तीन मागा. वेळ संपली की काम मध्येच तोडलं जातं, म्हणून थोडं जास्त. पण भीतीपोटी तीन दिवस मागू नका, पाळी लांबते. छोटं काम मोठ्या कामांच्या फटीत बसून जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्क्रॅच नावाची जागा असते, ती खळ्यासारखी. मळणी झाली की धान खळ्यावर कोण ठेवतं? पुष्कळ ठिकाणी तिथल्या जुन्या फायली आपोआप पुसल्या जातात. कामाचं तेवढं लगेच दुसरीकडे उतरवून घ्या.

"बॅकअप असेलच" असं धरून चालू नका. जपानच्या क्योटो विद्यापीठात डिसेंबर 2021 मध्ये बॅकअपच्याच प्रोग्राममधल्या चुकीने 77 टेराबाइट डेटा पुसला गेला. सुमारे 3 कोटी 40 लाख फायली! 14 संशोधन गटांना फटका बसला, त्यातल्या चार गटांचा डेटा परत मिळालाच नाही. एवढ्या मोठ्या ठिकाणी हे होतं, तर तुमचा प्रबंध एकाच डिस्कवर कशाला?

पासवर्ड रूममेटलाही देऊ नका. त्याने केलेला घोळ तुमच्या नावावर लागेल.

काम अडलं तर नुसतं "चालत नाही" म्हणून कळवू नका. जॉबचा, म्हणजे रांगेत टाकलेल्या कामाचा नंबर, तुम्ही काय टाइप केलं आणि मशीनने काय उत्तर दिलं, ते जसंच्या तसं पाठवा. मशीन सांभाळणारा पुष्कळदा तुमच्यासारखाच पीएच.डी.चा विद्यार्थी असतो. स्वतःचं काम बाजूला सारून तो तुमचं बघतो.

उद्या ते मशीन तुमच्याच गळ्यात पडेल. तेव्हा बंद ठेवायचं असेल तर आठवडाभर आधी सगळ्यांना सांगा. मे महिन्यात खोलीतला एसी रोज बघून या. काय बदललं, कधी बदललं, ते वहीत लिहा. आणि खोलीची किल्ली कुठे असते, हे निदान दोघांना माहीत असू द्या.