पत्ता सामायिक, संशय सर्वांवर

इंटरनेटची नवी पत्तापद्धती, म्हणजे आयपीव्ही सिक्स, सामान्य वापरकर्त्याला खरोखर हवी आहे काय? मोबाइल चालतो, पैसे पाठवता येतात. मग जुन्या आयपीव्ही फोरने काय अडले, असे सुशिक्षित मंडळीही विचारतात.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे पिनकोडचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही सहा अंकी पद्धती टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू केली. एकाच नावाची अनेक गावे आणि पत्त्यांच्या निरनिराळ्या भाषा ही खात्याची अडचण होती. लाभ मात्र प्रत्येक पत्रलेखकाला झाला. पत्तापद्धती ही सार्वजनिक व्यवस्था असते. ग्राहकाने मागितल्यावरच ती सुधारावी, हा आग्रह गैर आहे.

१९८१ साली निश्चित झालेल्या आयपीव्ही फोरमध्ये सुमारे ४२९ कोटी पत्ते मावतात. जागतिक साठ्यातील अखेरचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले. म्हणून अनेक सेवापुरवठादार कित्येक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. त्यांपैकी एकाने गैरप्रकार केला आणि एखाद्या संकेतस्थळाने तो पत्ता रोखला, की निर्दोष ग्राहकांचीही वाट अडते. गुन्ह्याच्या तपासात पत्त्यासोबत पोर्ट क्रमांक व नेमकी वेळ नोंदलेली नसेल, तर संशय अनेक घरांवर रेंगाळतो. निरपराध माणसाला अशा चौकशीचा केवढा जाच होतो, हे प्रशासनात हयात घालवलेल्याला सांगावे लागत नाही.

नव्या पद्धतीत प्रत्येक उपकरणावर पाळत ठेवता येईल, ही भीती अनाठायी नाही. उपकरणाचा पत्ता ठरावीक काळाने बदलत राहण्याची सोय तीत आहे. तथापि जोडणीची ओळख पुरवठादाराच्या नोंदीत उरतेच. त्या नोंदींवर कायद्याचा अंकुश हवा.

दूरसंचार विभागाने यासाठीचा राष्ट्रीय आराखडा २०१० मध्ये प्रसिद्ध केला. २०१६ मध्ये जिओच्या आगमनाने या बदलाला वेग आला आणि आज या पद्धतीच्या वापरात भारत जगातील आघाडीच्या देशांत गणला जातो. हे यश प्रामुख्याने मोबाइल जाळ्यांचे आहे. घरोघरी ब्रॉडबँड पुरवणाऱ्या लहान व्यावसायिकांनीही प्रत्येक जोडणीबरोबर नवा पत्ता वेगळे शुल्क न आकारता द्यावा, आणि शासनाने त्यासाठी मुदत घालून द्यावी. ग्राहकाला या पद्धतीचे नाव ठाऊक नसले तरी चालेल. त्याला जोडणी विकणाऱ्याने आपले कर्तव्य टाळलेले चालणार नाही.