नकाराचा अधिकार

अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंना १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयाने बजावले: नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. मनाविरुद्धच्या संसारापेक्षा त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली. त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. सुरत आणि राजकोटमध्ये त्यांनी बायकांवर उपचार केले.

आजही मुलगी लग्नाला ‘नाही’ म्हणाली की घराण्याची अब्रू पुढे केली जाते. पण जिला नकार देता येत नाही, तिच्या होकाराला अर्थ कसला? संमतीवाचून संसार रेटता येतो, प्रेम करता येत नाही.

लग्न केलेल्या, मोडलेल्या आणि न केलेल्या स्त्रिया या अंकात स्वतःविषयी लिहीत आहेत. त्यांचे म्हणणे वाचा, आणि आपल्या लेकींचा नकारही मान्य करा.