वजूचे पाणी आणि कुंडीतले रोप

नर्सरीत फुललेला मोगरा दिसला की आपण तो उचलतो. घरात ऊन किती तास येते, हे पाहत नाही. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास ऊन हवे. नाहीतर नुसती पाने वाढतात. अर्धवट सावलीच्या गॅलरीत पुदिना बरा. कडक उन्हाच्या गच्चीवर मेंदी लावावी, ती कमी पाण्यातही तग धरते.

कुंडीतली कितीतरी रोपे जास्त पाण्याने मरतात, कारण मुळे कुजतात. मातीत बोट इंचभर खुपसून पाहा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

लावलेल्या झाडाचे माणसाने किंवा पाखराने खाल्ले तर तो सदका, असे आपल्याकडे सांगितले जाते. वजू करतानाही पाणी उधळू नये, अशी शिकवण आहे. मग या दोन गोष्टी आपण एकत्र का आणत नाही? वजूच्या पाण्यात साबण नसतो. ते टबात जमवा आणि कुंड्यांना द्या. उन्हाळ्यात जिथे टँकरची वाट पाहावी लागते, तिथे तर हे व्हायलाच हवे. रोपे लावण्याचे कार्यक्रम खूप होतात. पण वाळून गेलेल्या रोपाचे कोण काय खाणार?