गेम त्यांचा, गाणं कुणाचं?

आपल्या पिढीला कुठलीही गोष्ट बॅकग्राऊंड म्युझिकशिवाय पचत नाही. राजमाचीचा ट्रेक असो, मैत्रिणीच्या बाळाचं बारसं असो, नाही तर ऑफिसच्या अ‍ॅन्युअल डेला अकाउंट्सवाल्यांनी केलेला नाच... आधी गाणं ठरतं, मग फुटेज शोधलं जातं. अशा वेळी शुक्रवारी रात्री दोनपर्यंत जागून प्लेस्टेशनवर मारलेली बाजी तरी मुकी कशी राहणार? ती रेकॉर्ड करायची, त्यावर आपल्या आवडीचं गाणं चढवायचं आणि सोमवारी सकाळी ग्रुपवर टाकायची. डब्याच्या वेळी निदान चार जणांनी तरी ‘सॉलिड!’ म्हणायला हवं.

ही हौस काही आजची नाही. ‘व्हाइस सिटी’ आठवतंय ना? २००३ मध्ये तो गेम पीसीवर आला तेव्हा त्याच्या फोल्डरमध्ये ‘एमपी३’ नावाचा आणखी एक फोल्डर होता. त्यात आपली गाणी टाकली की गाडीच्या रेडिओवर तीच वाजायची. मायामीसारख्या त्या शहरात निळा शर्ट घातलेला गुंड चोरीच्या गाडीतून चाललाय आणि आत गणपतीची गाणी, असा प्रकार आपल्याकडच्या कित्येक सायबर कॅफेंमध्ये झालेला आहे! त्याआधी २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सवर तर सीडी घालून गाणी मशीनमध्येच उतरवून घेता यायची. पण तेव्हा ते आपल्यापुरतं असायचं. खेळ संपला, गाणं संपलं. आता व्हिडिओ बाहेर जातो, आणि खरी गंमत तिथेच सुरू होते.

मशीनचं काम तसं सोपं आहे. पीएस ४ च्या कंट्रोलरवर ‘शेअर’चं बटण आहे. काही सेटिंग बदललं नसेल तर मागची १५ मिनिटं त्याच्याजवळ कायम तयार असतात. एप्रिल २०१४ मध्ये सोनीने ‘शेअरफॅक्टरी’ नावाचं फुकट अ‍ॅप दिलं. त्यात क्लिप कापायची, जोडायची आणि पेनड्राइव्हवरून आपलं गाणं आणून खाली बसवायचं. पीएस ५ वर त्याचंच नवं रूप आहे, शेअर फॅक्टरी स्टुडिओ. पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा. ऑफिसच्या लॅपटॉपवर भलत्याच पद्धतीने केलेला असेल तर मशीन त्याला ओळखही दाखवत नाही. खेळताना मागे स्पॉटिफाय लावून ठेवलं की काम झालं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: ते गाणं तुम्हाला ऐकू येतं, रेकॉर्डिंगमध्ये उतरत नाही. मुद्दामच तसं ठेवलंय.

आणि एक गोष्ट खेळायच्या आधी करायची, नंतर नाही. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचं स्वतःचं म्युझिक शून्यावर आणा. तोफा, पावलं, लाटा यांचे आवाज राहू द्या. एकदा रेकॉर्ड झालं की म्युझिक आणि तोफा एकाच ताटात कालवलेल्या असतात, नंतर निवडून बाजूला काढता येत नाहीत. मग गेमचं व्हायोलिन आणि तुमची ढोलकी अशी मारामारी होते.

आता थळची गोष्ट. थळ म्हणजे अलिबागच्या उत्तरेला, समोर खांदेरी-उंदेरीची जोडी. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जायला लागली, तेव्हापासून मला ते माहेराहून जवळ वाटतं. तिथे माझी आत्या राहते. तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या आतेभावाने, सेकंडहँड पीएस ४ घेतलाय आणि त्यावर तो ‘अ‍ॅसॅसिन्स क्रीड ४: ब्लॅक फ्लॅग’ खेळतो. गेम २०१३ चा, पण समुद्राच्या बाबतीत मला अजून त्याच्या तोडीचं काही सापडलेलं नाही. नायक एडवर्ड केनवे, जहाज जॅकडॉ, मुलूख कॅरिबियन. काळ १७१५ च्या पुढचा. हा काळ लक्षात घ्या. तिकडे केनवे स्पॅनिश जहाजं लुटत असतो त्याच वर्षांत इकडे आपल्या कुलाब्याला कान्होजी आंग्र्यांचा दरारा होता. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. इंग्रज त्यांनाही चाचा म्हणायचे, ते मराठ्यांचे सरखेल असले तरी. म्हणून आतेभावाच्या डोक्यात तो खेळ कॅरिबियनमध्ये नसून थळच्या समोरच्या पाण्यात चालू असतो, तर त्याला मी नावं ठेवणार नाही.

त्या गेममध्ये जहाज मोकळ्या समुद्राला लागलं की खलाशी गायला लागतात. ती गाणी म्हणजे ‘शँटी’. दोर ओढताना, नांगर उचलताना सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागावा म्हणून रचलेली कामाची गाणी. एक जण ओळ टाकतो, बाकीचे उचलतात. २०२० च्या अखेरीस नेथन इव्हान्स नावाच्या स्कॉटिश पोस्टमनने ‘वेलरमन’ हे न्यूझीलंडकडचं जुनं गाणं फोनसमोर म्हटलं आणि घरात कोंडलेलं अख्खं जग टेबलं बडवायला लागलं. त्याने टपाल वाटणं सोडलं, रेकॉर्ड कंपनीशी करार केला, गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलं. शँटी हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते मात्र ब्लॅक फ्लॅगमध्येच.

आतेभावाने काय केलं, तर खलाशांना गप्प केलं (बटण आहे तसं), वादळातली एक झकास लढाई रेकॉर्ड केली आणि तिच्यावर ‘मी डोलकर’ चढवलं. मी ते पाहिलंय. लाट जहाजावरून जाते तिथे लताबाईंचा सूर... अंगावर काटा! त्याने ते एका व्हिडिओ साइटवर टाकलं. चहा होईपर्यंत नोटीस आली. गाणं दुसऱ्याचं आहे, आवाज बंद. बिचारा मूक लढाई बघत बसला.

‘ताय, गाना तं आपलाच हाय ना? कोल्यांचा?’

हा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. डोल म्हणजे ओहोटी-भरतीच्या ओढीत रोवून ठेवायचं पिशवीसारखं जाळं. आत्याचे सासरे आयुष्यभर तेच लावायचे. म्हणजे गाण्यातला डोलकर शब्दशः याचा आजोबा. पण गाणं शांता शेळके यांनी लिहिलं, चाल हृदयनाथ मंगेशकरांनी दिली, गायलं लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनी. कायद्याच्या दृष्टीने डोलकराच्या नातवाचा त्यात छदामही नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द आणि चाल यांच्यावरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. शांताबाई गेल्या २००२ मध्ये; म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६२ संपेपर्यंत. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, तो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. एक संपला तरी दुसरा उभा असतो. ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ हे आपल्याकडे छातीठोकपणे सांगणारे खूप भेटतात. कायद्यात असं काही लिहिलेलं नाही. आणि व्हिडिओखाली ‘सर्व हक्क मूळ मालकांचे’ लिहून काही होत नाही. ती ओळ कुठलंच मशीन वाचत नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी २००७ पासून आवाजाचा ठसा जुळवून बघते. ठसा जुळला की व्हिडिओ अडवायचा, त्याच्या जाहिरातीचे पैसे घ्यायचे की नुसता आकडा मोजत राहायचं, हे गाण्याचा मालक ठरवतो. ट्विचवर तर ऑक्टोबर २०२० मध्ये अशाच तक्रारींमुळे कित्येकांचे जुने व्हिडिओ एका फटक्यात पुसले गेले. गेम बनवणाऱ्यांनीही धसका घेतला. त्याच वर्षी आलेल्या ‘सायबरपंक २०७७’ मध्ये दुसऱ्यांच्या हक्काची गाणी बंद करायचं वेगळं सेटिंगच आहे.

गंमत बघा, हेच ‘मी डोलकर’ त्याने बहिणीच्या हळदीत लाऊडस्पीकरवर वाजवलं असतं तर कायदा त्याच्या बाजूने होता. कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाच्या निमित्ताने होणारे समारंभ यांना स्पष्ट सूट आहे. गेममधल्या जहाजाचं लग्न लागत नाही, हीच काय ती अडचण.

मग मी त्याला म्हटलं, गाणं विकत, उसनं, ढापून आणण्यापेक्षा घरात काय आहे ते बघ ना! घरात होती आत्या. तिचा आवाज सगळ्या थळला ठाऊक आहे. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण विधीच्या प्रत्येक टप्प्याला धवले गाते. भटजी असो-नसो, धवलारीण हवीच. आत्या ती परंपरा सासूकडून शिकली. आतेभावाला वाटलं, झालं काम! त्याने फोन तिच्यासमोर धरला आणि सांगितलं, आये, एक धवला म्हण, लढाईवर लावतो.

आत्या भाकरी थापत होती. तिने हातही थांबवला नाही.

‘धवला देवाचा हाय. तो मांडवान. तुझे टीव्हीन नाय.’

तो हिरमुसला. मला मात्र कुठल्याही नोटिशीपेक्षा हे जास्त पटलं. पारंपरिक गाण्याला मालक नसतो असं आपण समजतो. कागदावर ते बरोबरही आहे. ज्याचा कर्ता कुणालाच ठाऊक नाही त्यावर दावा कोण सांगणार? पण गाणाऱ्या बाईचा तिच्या गाण्यावर हक्क असतो. कलम ३८ प्रमाणे तिच्या गायनाचं रेकॉर्डिंग करायचं तर तिची परवानगी लागते, आणि हा हक्क ५० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपलं नाव लावून घेण्याचा आणि आपल्या कलेची मोडतोड रोखण्याचा हक्कही तिला आहे. मोठ्या कंपनीच्या गाण्याला हात लावताना आपण दहा वेळा विचार करतो, कारण तिकडे मशीन पहारा देतंय. लग्नात गाणाऱ्या आत्या, मावश्या, काकू यांचे आवाज मात्र खुशाल फोनमध्ये भरतो, वर डीजेचा ठेका चढवतो आणि खाली ‘पारंपरिक’ असं लिहून मोकळे होतो. त्यांच्या बाजूने नोटीस पाठवणारं कुणी नसतं. चुलीपाशी बसलेल्या बाईने स्वतःच ‘नाय’ म्हणावं लागतं, आणि पुष्कळदा तिला कुणी विचारलेलंच नसतं.

अर्ध्या तासाने, भाकऱ्या संपल्यावर, आत्याने आपणहून विचारलं, ते टीव्हीतले खलाशी करतात काय? आम्ही सांगितलं, दोर ओढतात. मग दोर ओढायचंच गाणं घे ना, म्हणाली. होडी किनाऱ्यावर ओढून घेताना म्हणायचं एक गाणं तिला येत होतं, सासऱ्यांच्या तोंडचं. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ‘हैय्या’ला जोर लावायचा. मी ऐकत राहिले. ही शँटीच की! फरक इतकाच की हिच्यावर अजून कुणी गेम काढलेला नाही.

रेकॉर्डिंगसाठी स्टुडिओ-बिडिओ काही नाही. फोन एरोप्लेन मोडवर टाकला, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या (थळला वारा हा कायमचा पाहुणा), भिंतीला गाद्या उभ्या केल्या. ‘हैय्या’साठी शेजारचे सहा जण आले. त्यांना नुसतं ओरडून जमेना, म्हणून आत्याने त्यांच्या हातात खरोखरचा दोर दिला आणि तो खांबाला बांधला. मग काय विचारता! पुढे एमपी३ करून पेनड्राइव्हवर, तिथून शेअरफॅक्टरीत. तोफांचा आवाज थोडा खाली घेतला, पण पूर्ण काढला नाही. दोन ‘हैय्यां’च्या मधल्या श्वासात तोफ येईल अशी क्लिप सरकवली. एवढ्या सरकवासरकवीला पूर्ण शनिवार गेला. खांदेरीवर तो एक दगड आहे ना, मारला की धातूसारखा ठण्ण वाजणारा, त्याचा आवाज पुढच्या व्हिडिओत घ्यायचा बेत आहे. खांदेरी २०२५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, तेव्हा दगड हळूच वाजवायचा, असं मी बजावलंय.

अपलोड करायच्या आधी आत्याच्या अटी झाल्या. लढाईवर नाही, जहाज बंदराला परत येतं तिथे गाणं लावायचं. नाव फक्त तिचं नको, सासऱ्यांचंही हवं. आणि पैसे? आतेभाऊ म्हणाला, यूट्यूबवर हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघणं झाल्याशिवाय जाहिरातीचा रुपयाही मिळत नाही. ते होईल तेव्हा होईल, आत्या म्हणाली, वाटे आधी ठरलेले बरे. मासळीचे ठरतात तसेच तिने ते बोटांवर मोजले: मशीन याचं, म्हणजे होडीचा एक वाटा. गाणं सासऱ्यांचं आणि गळा तिचा, दोन वाटे. दोर ओढणाऱ्या सहा जणांचा प्रत्येकी अर्धा. आतेभावाने हिशेब केला आणि विचारलं, मग मी रात्रभर खेळलो त्याचं काय?

‘खेलाचे पैसे कोन देतंय रं?’