सांधे झिजलेत, पण कागद काय म्हणतो?

आईला, आजोबांना किंवा स्वतःला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे. गोळ्या, मलम आणि गुडघ्याचा पट्टा यांकडे आपण जेवढं लक्ष देतो, तेवढंच लक्ष आजाराचं नाव लिहिलेल्या कागदाकडेही द्या. पुढचा डॉक्टर आणि विमा कंपनी दोघंही तो कागद वाचूनच पेशंटला ओळखतात.

सांध्यांची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, बऱ्याचदा एका सांध्यावर थांबत नाही. गुडघे, खुबा, अंगठ्याचं मूळ, बोटांची पेरं असे एकेक सांधे धरत जातात. मग डॉक्टरांसमोर बसल्यावर तोंडातून निघतं, ‘सगळंच दुखतं हो!’ आणि केस पेपरवर उतरतं, ‘मल्टिपल जॉइंट पेन’. यातून कुणालाच काही कळत नाही. दुखणं हे लक्षण झालं. आजार कुठला, कुठल्या सांध्याचा आणि कुठल्या बाजूचा, हे राहूनच गेलं.

डॉक्टरांनी लिहिलेल्या शब्दांवरून रुग्णालयातले कर्मचारी आजाराचा कोड टाकतात. हे कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या यादीतले असतात. तिच्या दहाव्या आवृत्तीत झिजेसाठी एम १५ ते एम १९ अशी घरं आहेत. खुब्याला एम १६, गुडघ्याला एम १७, अंगठ्याच्या मुळाला एम १८, इतर सांध्यांना एम १९ आणि एकाहून अधिक ठिकाणच्या झिजेला एम १५. इथे एक गफलत फार होते. दोन्ही गुडघे झिजले म्हणून ते ‘अनेक सांधे’ ठरत नाहीत. ती दोन्ही बाजूंच्या गुडघ्यांची झीज; तिचं घर एम १७. गुडघ्यांबरोबर बोटं किंवा खुबाही झिजला असेल, तेव्हा एम १५. बोटांच्या टोकाच्या सांध्यांवर कडक गाठी येतात, त्यांनासुद्धा एम १५ मध्ये वेगळी जागा आहे. आपल्याकडच्या कितीतरी बायका अशा गाठी घेऊन वर्षानुवर्षं भाकरी थापतात आणि डॉक्टरांना त्या दाखवतही नाहीत. दाखवा.

कोड तुम्ही पाठ करायची गरज नाही. डॉक्टरांच्या अक्षरात चार गोष्टी आल्या तर कोड बरोबर पडतो: कुठले सांधे, उजवे की डावे की दोन्ही, झीज वयोमानाने आलेली की जुन्या इजेमुळे, आणि आता उपचार नेमका कशावर चाललाय. चौथी गोष्ट महत्त्वाची. उजव्या गुडघ्याचा सांधा बदलायला दाखल झालात, तर मुख्य निदान उजव्या गुडघ्याचंच हवं. बाकीचे सांधे त्याखाली यावेत. वर नुसतंच ‘अनेक सांध्यांची झीज’ आलं, तर विमा कंपनी विचारणारच की मग गुडघ्याचंच ऑपरेशन का?

आणखी एक धोका पैशांहून मोठा आहे. ‘आर्थ्रायटिस’ एवढंच लिहून सोडलं, तर वाचणारा त्याचा अर्थ आमवात, म्हणजे रुमॅटॉइड, असाही घेऊ शकतो. तो आजार निराळा, त्याचे कोड निराळे, त्याची औषधं तर फारच निराळी आणि जपून द्यायची. म्हणून सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले राहतात, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. झिजेत ते सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतात. आमवातात तासभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. सांध्यांना सूज येते का, तेही सांगा. एक्स-रे शक्यतो उभं राहून काढलेला असावा आणि रिपोर्टवर बाजू व झिजेची श्रेणी असावी. ही श्रेणी शून्य ते चार अशी मोजतात.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा: ‘कधीपासून?’ दाखल होताना निवासी डॉक्टर विचारतात आणि आपण सवयीने बोलून जातो, ‘अहो, दहा वर्षं झाली असतील.’ ते तसंच लिहिलं जातं. पुढे दावा अडतो, कारण कंपनीच्या लेखी आजार पॉलिसीच्या आधीचा ठरतो. खोटं सांगू नका, डॉक्टरांना खोटं लिहायलाही सांगू नका. पण नेमकं सांगा. जिना चढताना अधूनमधून दुखायचं तो काळ वेगळा, आणि डॉक्टरांनी तपासून झीज असल्याचं सांगितलं ती तारीख वेगळी. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार, पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यावर सल्ला वा उपचार झाला, असा आजार पूर्वीचा मानतात. म्हणून पहिल्या निदानाचा कागद जपून ठेवा आणि पॉलिसीच्या अर्जात तो आजार लपवू नका.

सांधेबदलासाठी बहुतेक पॉलिसींमध्ये वेगळी प्रतीक्षा मुदतही असते, मग आजार नवा असो की जुना. ही मुदत आता जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येते. अपघातामुळे ऑपरेशन करावं लागलं तर ती लागू होत नाही. तेव्हा गुडघ्याला इजा झाली असेल, तर ती कधी आणि कशी झाली ते सांगा आणि त्या वेळचे कागद दाखवा.

डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की रुग्णालयातच वाचून घ्या. मुलगा बिल भरायला गेलाय तेवढ्या वेळात सुनेने किंवा लेकीने नाव, वय, बाजू, निदान आणि तारखा पाहाव्यात. ऑपरेशन झालं असेल तर बसवलेल्या इम्प्लांटचं स्टिकर फाईलमध्ये आहे ना, तेही पाहा. चूक दिसली तर तिथेच नम्रपणे सांगा. दुरुस्ती डॉक्टरच करतील: चुकीच्या शब्दांवर एक रेघ, शेजारी बरोबर मजकूर, सही आणि तारीख. व्हाइटनर लावलेला किंवा घरी गिरवलेला कागद खऱ्या पेशंटलाही संशयित करतो.

कागद हरवले असतील तर मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवाव्या लागतात, आणि मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

एवढं करूनही दावा नाकारला गेला, तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीच्याच तक्रार कक्षाकडे लिहा. महिनाभर उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर वर्षभराच्या आत तक्रार करावी लागते. सोबत पहिल्या निदानाचा कागद, एक्स-रेचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि कंपनीचं नकाराचं पत्र जोडा.